अंगणवाडी दुपारी सुटते, आई संध्याकाळी : वित्त व नियोजन विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सचिव व सर्व अधिकारी,
वित्त विभाग व नियोजन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : लेकरं, म्हातारी माणसं आणि आजारी यांना सांभाळण्याच्या कामाला समानतेच्या धोरणात आणि अर्थसंकल्पात मुख्य जागा देण्याबाबत.

महोदय, महोदया,

हे पत्र महिला व बालविकास विभागाला न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे, ते आधी सांगते. त्या विभागाकडे आमची निवेदनं पोत्यांनी पडली आहेत. लेकरं सांभाळणं, सासू-सासऱ्यांची उस्तवार, आजाऱ्याजवळ रात्र काढणं, पाणी, स्वयंपाक, धुणंभांडी हे सगळं ‘महिलांचे प्रश्न’ म्हणून एका विभागाच्या कपाटात गेलं की कामगार, पाणीपुरवठा, परिवहन, आरोग्य, सहकार हे बाकीचे विभाग मोकळे होतात. कुठल्या विभागाने काय करायचं हे पैशावर ठरतं आणि पैसा कुठे जायचा ते तुमच्याकडे ठरतं.

मी बीड जिल्ह्यात एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका होते. आता निवृत्त आहे. नोकरीची सगळी वर्षं माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेल्या गावांतल्या, अंगणवाड्या पाहण्यात गेली. लेकराचं वजन, उंची, दंडघेर, पोषण आहाराचा साठा, हजेरीपट, मासिक अहवाल हे माझं काम. लेकरू अंगणवाडीतून गेल्यावर संध्याकाळपर्यंत कोणाजवळ असतं, हा रकाना मात्र मला कुठल्याच अहवालात सापडला नाही. माझं सगळं म्हणणं त्या न सापडलेल्या रकान्याबद्दल आहे.

महाराष्ट्राने १९९४ साली देशातलं पहिलं महिला धोरण केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सरकारी नोकरीत ३० टक्के आरक्षण आलं, २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा आल्या. २०२३ मध्ये एसटीचं अर्धं तिकीट झालं, २०२४ मध्ये चौथं धोरण आलं आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक झालं. यातलं काहीच लहान नाही. पण नीट पाहिलं तर यातली बहुतेक पावलं बाईला घराबाहेरची एक जागा देतात: नोकरीतली, ग्रामसभेतली, बसमधली. त्या जागेवर ती गेल्यावर घरात मागे जे काम उरतं ते कोण करणार, याचं उत्तर गृहीत धरलेलं असतं. तीच करणार, पहाटे उठून किंवा रात्री उशिरा. नाहीतर तिची सासू करणार, किंवा दहा वर्षांची मुलगी.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, ते करणाऱ्या पुरुषांचे ९७. हीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली. मधल्या काळात गॅस आला, बऱ्याच गावांत नळ आले, तरी दहाच मिनिटं कमी झाली. आणि पुरुषांची ९७ वरून ८८ झाली, म्हणजे त्यांनीही नऊ मिनिटं कमीच केली. बाईच्या अंगावरचं काम पुरुषाने उचललेलं या आकड्यांत तरी दिसत नाही. शिवाय सांभाळण्याचं काम वेगळं मोजलं आहे: १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या कोणाला तरी सांभाळतात आणि त्यांचे दिवसाला १४० मिनिटं त्यात जातात. असं काम करणारे पुरुष २१.४ टक्के, त्यांची ७४ मिनिटं.

हे आकडे सरकारचेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात भरपाईच्या निकालात २०१९ च्या याच आकड्यांचा आधार घेतला आणि गृहिणीच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे असं सांगितलं. अपघातात बाई गेली तर भरपाईसाठी तिच्या कामाचा हिशेब होतो. ती जिवंत असताना तो हिशेब राज्याच्या अर्थसंकल्पात का होऊ नये, हा माझा तुम्हाला सरळ प्रश्न आहे.

आता अंगणवाडीकडे येते, कारण तिथलं मला माहीत आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. जवळपास प्रत्येक वस्तीत खोली आहे, सेविका आहे, मदतनीस आहे, लेकरांची यादी आहे. इतकं मोठं जाळं असूनही ज्या बाईला रोजंदारीवर जायचं आहे तिचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण दोन गाठी जन्मापासूनच राहून गेल्या आहेत. पहिली वेळेची. अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारी सुटते. खुरपणीला, कापूस वेचायला गेलेली बाई दिवस मावळताना घरी येते. दुसरी वयाची. अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची लेकरं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, पाकिटातला. म्हणजे ज्या वयात लेकराला दर घटकेला माणूस लागतं, त्या वयात सरकार माणूस देत नाही, पाकीट देतं.

मग कुपोषणाच्या आढावा बैठकीत आम्ही ‘मातेला समुपदेशन केले’ असं लिहायचो. लहान लेकराला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं मऊ खाऊ घाला, हे प्रत्येक आईला पाठ आहे. पण ती सकाळी आठला गेली, संध्याकाळी सहाला आली, तर मधले चार घास कोण भरवणार? आजी असेल तर आजी. नसेल तर मोठी बहीण, आणि तिच्या शाळेच्या हजेरीत मग गैरहजरीच्या खुणा वाढत जातात. माझ्या बीटमध्ये तीव्र कुपोषित लेकरांच्या घरी मी गेले की बहुतेक वेळा दारात एखादी मुलगीच असायची, कडेवर लेकरू घेऊन. त्या घराला शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही नसायचं. त्या घराला दिवसभर उघडं राहणारं पाळणाघर हवं होतं आणि ते देण्याचा अधिकार मला नव्हता.

बीडचं म्हणाल तर यात ऊसतोड येते. दिवाळीच्या आगेमागे जोडपी कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते; मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहनात भरते, परत येऊन पुन्हा चूल. खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, चौकशी समिती नेमली गेली. विश्रांतीचा एकही दिवस परवडत नाही असं ज्या बाईचं जगणं आहे, तिच्या शरीराचं काय होतं ते तेव्हा सगळ्यांनी वाचलं.

या कुटुंबांच्या शाळकरी मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. कल्पना चांगली आहे आणि ज्या गुरुजींनी ती मनापासून चालवली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मुलगी त्यात टिकत नाही. कारण साधं आहे. दीड वर्षाचं लेकरू आईबरोबर कारखान्यावर जातंच. आई फडात असताना कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, त्याच्याजवळ कोणीतरी हवं असतं, म्हणून मोठ्या मुलीलाही नेलं जातं. म्हणजे मुलींच्या शिक्षणासाठीचं वसतिगृह गावात आणि ती शाळेत न जाण्याचं कारण शंभर-दीडशे किलोमीटर लांब, कारखान्याच्या तळावर. तळावर पाळणाघर नसेल तर गावातल्या वसतिगृहावरचा खर्च मुलीपर्यंत पोचत नाही. शिक्षण विभागाला हे एकट्याला सोडवता येणार नाही, साखर आयुक्तालयाला येणार नाही, महिला व बालविकासलाही येणार नाही. तिघांचा पैसा एका जागी आणणं हे नियोजनाचं काम आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच भर राज्याची, असं ठरलेलं आहेच. त्यातला पहिला हक्क तळावरच्या पाळणाघराचा असावा.

हे नवं काही मागत नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते. खड्डा खणणं आणि लेकरू सांभाळणं या दोन्हींची मजुरी सारखी, असं देशाच्या कायद्याने एकदा लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली गेली. शेजारच्या कर्नाटकाने मात्र तोच धागा पकडून २०२३-२४ मध्ये ‘कूसिन मने’ नावाने ग्रामपंचायतींत पाळणाघरं सुरू केली, गावातल्याच बायकांना शिकवून तिथे नेमलं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून देशात १७ हजार पाळणाघरांचं उद्दिष्ट आहे. देशात अंगणवाड्या आहेत सुमारे १४ लाख. म्हणजे ऐंशीत एक. त्या एकाची वाट पाहत बसण्यापेक्षा महाराष्ट्राने स्वतःच्या पैशाने पुढे जावं.

पण पुढे जाताना एक चूक करू नका, ती मी जवळून पाहिली आहे. सांभाळण्याचं काम सरकारने घरातल्या बाईच्या अंगावरून उचलून दुसऱ्या एका बाईच्या अंगावर अर्ध्या दामात टाकायचं, याला समानता म्हणत नाहीत. सेविकेला मिळतं ते मानधन. केंद्राने ठरवून दिलेली त्यातली मूळ रक्कम ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाली. राज्याने आपला हिस्सा वाढवला, पण दर वेळी संपानंतर, मोर्चानंतर. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला अंगणवाडी सेविकांचा संप जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. त्याच थंडीत गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशा, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आझाद मैदानावर बसल्या होत्या. याच आशांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं होतं. सेविका आणि मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळालंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. आता पाळणाघर आलं आणि तेही याच सेविकेने, याच मानधनात, दुपारनंतर चालवावं असा आदेश निघाला, तर ते पाळणाघर चालणार नाही आणि चालू नये. लहान लेकरांसाठी वेगळ्या, प्रशिक्षित, पूर्ण वेळच्या बायका लागतील आणि पुरुषही. किमान वेतनाच्या खाली एक रुपयाही नको.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. महिन्याचे दीड हजार थेट बाईच्या खात्यात येणं ही मोठी गोष्ट आहे. ज्या बाईने औषधाला दहा रुपये नवऱ्याकडे मागितले आहेत तिला ते कळतं, त्या पैशाला नावं ठेवणाऱ्यांच्या मी बाजूची नाही. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ पासून महिन्याला हजार रुपये द्यायला सुरुवात केली, ती बायकांच्या हक्काची रक्कम म्हणून, त्यांच्या बिनपगारी कामाची दखल म्हणून. आपणही त्या पैशामागे ओवाळणीच्या जागी हा हक्क उभा करावा. दुसरं म्हणजे दीड हजारात बाईला वेळ विकत घेता येत नाही, कारण गावात तो विकायला कोणी ठेवलेलाच नाही. पाळणाघर नाही, म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम बांधायला घरी येणारी परिचारिका नाही. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून गावोगाव घरी जाऊन रुग्णाची काळजी घेणारी यंत्रणा उभी राहिली आणि २००८ मध्ये त्याचं सरकारी धोरण झालं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातसुद्धा ‘पेशंटजवळ बाईमाणूस थांबवा’ असं सहज सांगितलं जातं. त्या बाईचा बुडालेला रोज कुठल्या खात्यात धरायचा?

पैसा कुठून आणायचा हे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला दोनशे रुपयांची ती कपात दिसते. दूरच्या खेड्यातल्या अनोळखी मजुराच्या कामासाठी मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने वर्गणी भरायची, हे या राज्याने तेव्हा मान्य केलं. त्याआधी १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिलं की हमालाचा एकच असा मालक नसला तरी सगळ्या मालकांकडून मजुरीवर ठरावीक लेव्ही, म्हणजे वर्गणी, घेऊन मंडळ चालवता येतं, त्यातून भविष्य निर्वाह निधी देता येतो. या दोन्ही गोष्टी त्या काळी अशक्यच वाटल्या असतील.

सांभाळण्याच्या कामाला तीच रीत लागू करा. आज काय होतं? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कवच नाही तिथे तेवढ्या पगाराचा सगळा भार एकट्या मालकावर आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असले की पाळणाघराची सक्तीही त्याच्यावरच. परिणामी तरुण बाईला कामावर घेणं महाग असं गणित तो मांडतो. त्याऐवजी प्रत्येक आस्थापनेने, तिथे बायका असोत की सगळे पुरुष, डोईमागे थोडी रक्कम एका संगोपन निधीत भरावी. पुरुष कामगारांचीही लेकरं कोणीतरी सांभाळतंच आहे, म्हणून तो कामावर येऊ शकतो. त्या निधीतून औद्योगिक वसाहतीत, बाजार समितीत, बांधकामाच्या जागी पाळणाघरं चालावीत. घरकामगार बायकांची लेकरंही तिथे यावीत. २००८ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा करणारं राज्य हेच आहे. गावात ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखलेले असतात. त्यातून शिलाई मशीन आणि एक दिवसाचं शिबिर यापलीकडे फारसं काही होताना मी पाहिलं नाही. पाळणाघराचा नित्य खर्च त्यात पहिला धरावा, असं तुम्ही एका परिपत्रकाने सांगू शकता.

पुरुषांबद्दल. समानतेच्या धोरणात पुरुष फक्त समुपदेशनाचा विषय म्हणून येतो आणि तेवढ्याने काही होत नाही. केंद्राच्या नोकरीत बापाला १५ दिवस रजा आहे, बालसंगोपन रजा मात्र ७३० दिवसांची असून ती बायकांना आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांना. म्हणजे घरात बायको आहे तोवर पुरुषाने मूल सांभाळण्याचा प्रश्नच नियमाला पडत नाही. खासगी नोकरीत तर बापाच्या रजेचा कायदाच नाही. राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांपासून सुरुवात करावी: बापाची पगारी रजा निदान तीन महिन्यांची, स्वतःच वापरायची, बायकोच्या नावावर न टाकता येणारी. माझा अनुभव असा की पुरुषांना लेकरांचा कंटाळा नसतो. लसीकरणाच्या दिवशी लेकरू घेऊन येणारा एखादा बाप असायचा, त्याच्याकडे पाहून बाया हसायच्या आणि पुढच्या वेळी तो यायचा नाही. नियमाने त्याला घरी राहणं भाग पडलं तर त्याच्याकडे पाहून कोणी हसणार नाही.

नळ, वीज, एसटीची वेळ हेही सगळं यातच येतं. मुंबईला पाणी देणारी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या बायका उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावतात. त्यांचे ते तास पाणीपुरवठ्याच्या कुठल्याही प्रस्तावात खर्च म्हणून धरलेले नसतात. धरायला लागा. कोणतीही योजना तुमच्या टेबलावर आली की तिने बाईचे किती तास वाचतील किंवा वाढतील, हे प्रस्तावात लिहिणं सक्तीचं करा आणि वेळेच्या पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळात ठेवा.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम होणार नाही, हे मला समजतं. बीड जिल्हा घ्या आणि आमचे लोक जिथे जातात ते कारखाने घ्या. येत्या हंगामाआधी कारखान्याच्या तळांवर आणि गावातल्या निवडक अंगणवाड्यांत सहा महिन्यांपासूनच्या लेकरांसाठी दिवसभराची पाळणाघरं उघडा. मार्चनंतर लेकरांची वजनं, मोठ्या बहिणींची शाळेतली हजेरी आणि आयांची मजुरी, तिन्ही मोजा. मोजणी सेविकांवर न लादता वेगळी माणसं नेमून करा.

यासाठी समिती नेमाल तर तिच्यात सेविका, मदतनीस, आशा, ऊसतोड बाई आणि घरकामगार संघटनेच्या प्रतिनिधी निम्म्या तरी असाव्यात, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज त्यांना मिळावा. बैठक मुंबईत न ठेवता बीडला किंवा केजला ठेवा, दुपारी दोननंतर, कारण त्याआधी सेविकेची अंगणवाडी चालू असते. आणि बैठकीच्या जागी लेकरांसाठी एक खोली आणि ती सांभाळायला एक पगारी माणूस ठेवा, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या बायका येऊ शकतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका, जिल्हा बीड